विश्लेषण : मुक्या माराचा डाग हिरवा का पडतो? रक्ताचा कचरा उचलणारे एन्झाइम नव्या रक्तवाहिन्यांना हाक कशी देते?

बसमध्ये चढताना पायरीवर नडगी आपटते. संध्याकाळपर्यंत तिथे जांभळट-निळा डाग उमटतो. चार-पाच दिवसांनी त्याच्या कडेला हिरवट झाक येते, मग पिवळसर होते आणि दोन आठवड्यांत डाग नाहीसा होतो. आपण त्याला मुका मार म्हणतो आणि विसरून जातो. पण रंगांचा हा क्रम म्हणजे त्वचेखाली चाललेली एक रासायनिक प्रक्रिया आहे. हिरवा रंग दिसू लागला, की 'हीम ऑक्सिजनेज' नावाचे एन्झाइम तिथे कामाला लागले आहे असे समजायचे.

बरीच वर्षे हे एन्झाइम रक्ताचा कचरा उचलणारा सफाई कामगार मानले जात होते. ते कचरा उचलतेच, पण उचलताना नव्या रक्तवाहिन्या वाढवण्याचे संदेशही देते, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत समोर आले. मधुमेहींची न भरणारी जखम, गर्भारपणात अचानक चढणारा रक्तदाब आणि कर्करोगाची वाढणारी गाठ यांचा एकमेकांशी संबंध काय, असे कुणीही विचारेल. या एन्झाइमच्या निमित्ताने तो दिसतो. त्यावर बेतलेले औषध मात्र चाचणीत फसले. ते का फसले, हेही समजून घेण्यासारखे आहे.

हीम म्हणजे काय आणि ते मोडावे का लागते?

रक्तातील तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. या पेशींत ठासून भरलेले असते हिमोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या पोटात असते हीम. चार कड्यांची एक चौकट आणि तिच्या मधोमध लोहाचा एक अणू, अशी त्याची रचना. प्राणवायू धरून ठेवण्याचे काम हाच लोहाचा अणू करतो.

हिमोग्लोबिनच्या आत बसलेले हीम गुणी असते. सुटे झाले की मात्र तेच त्रास देते. ते पेशींच्या आवरणात शिरते, त्यातले लोह आजूबाजूच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण घडवते, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होते. म्हणून सुट्या हीमला जागेवरच मोडणे भाग असते. ते काम हीम ऑक्सिजनेज करते. चौकट एका बाजूने कापली जाते आणि तीन वस्तू बाहेर पडतात : लोह, बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे रंगद्रव्य आणि कार्बन मोनॉक्साइड वायू. बिलिव्हर्डिनपासून पुढे पिवळे बिलिरुबिन बनते. मुक्या माराचा हिरवा आणि मग पिवळा रंग इथून येतो. कावीळ झाल्यावर डोळ्यांत दिसणारा पिवळेपणा याच बिलिरुबिनचा.

सॅन फ्रान्सिस्को येथील रायमो टेनहुनेन, हार्वे मार्व्हर आणि रुडी श्मिड यांनी १९६८ मध्ये हे एन्झाइम दाखवून दिले. त्याचे हिशेबी महत्त्व तेव्हाच लक्षात आले होते. आपण जेवणातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो, पण नवे रक्त बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागते. उरलेले सगळे जुन्या पेशी मोडून परत मिळवावे लागते. भंगारातून कच्चा माल काढणारा इतका काटेकोर कारखाना क्वचितच सापडेल.

या एन्झाइमची दोन रूपे आहेत. 'एचओ-२' मेंदूसारख्या अवयवांत कायम कमी-अधिक प्रमाणात असते. आपल्या गोष्टीचा नायक 'एचओ-१'. प्लीहेत ते एरवीही भरपूर असते, कारण जुन्या पेशी मोडण्याचे मुख्य ठिकाण तेच. इतर बहुतेक पेशींत मात्र गरज पडली तरच तयार होते. एरवी 'बॅच-१' नावाचे प्रथिन त्याच्या जनुकावर पहारा देत बसलेले असते. हीम वाढले की ते बॅच-१ला जाऊन चिकटते, पहारेकरी जागा सोडतो आणि जनुक चालू होते. म्हणजे कचराच सफाईची घंटा वाजवतो. सेन्सर आणि स्विच एकच, असे डिझाइन पाहिले की आम्हा अभियांत्रिकीवाल्यांना थोडा हेवा वाटतो.

विषारी वायू शरीरातच तयार होतो?

होय. थंडीच्या दिवसांत बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे गुदमरल्याच्या बातम्या येतात. त्यातला मारेकरी कार्बन मोनॉक्साइड. हाच वायू निरोगी माणसाच्या शरीरातही तयार होतो, हे स्वीडनचे तोर्गनी शोस्ट्रांड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. प्रमाण अगदी थोडे, दिवसाला १० मिलिलिटरच्या आसपास. त्यातला बराचसा हीम मोडतानाच निघतो आणि श्वासावाटे बाहेर जातो.

तो केवळ धूर आहे, असे बराच काळ गृहीत धरले गेले. मग नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या 'घाणेरड्या' वायूने कल्पना बदलली. तो रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा संदेश देतो, या शोधाला १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. वायूही निरोप्या असू शकतो, हे मान्य झाल्यावर कार्बन मोनॉक्साइडकडे नव्याने पाहिले गेले. तोही रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल करतो, दाह कमी करतो आणि आजूबाजूच्या पेशींना आणखी एक गोष्ट सांगतो : वाहिनी वाढवा.

रक्तवाहिनी वाढते कशी?

प्रौढ माणसात बहुतेक रक्तवाहिन्या शांत असतात. जखम भरताना, मासिक पाळीच्या चक्रात आणि गर्भारपणात मात्र नव्या वाहिन्या फुटतात. एखाद्या भागाला प्राणवायू कमी पडला, की तिथल्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरावर त्याचे ग्राहक असतात, म्हणजे हे प्रथिन ओळखून धरणारे रेणू. तिथे व्हीईजीएफ पोहोचले, की अस्तरातील पेशी जागच्या हलतात, संदेश ज्या दिशेने आला तिकडे सरकतात आणि वेलीला फुटवा यावा तशी नवी शाखा निघते.

गाठीला वाढायचे तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यातच, हे जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले तेव्हा अनेकांनी मान हलवली नव्हती. हेरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला १९८३ मध्ये रक्तवाहिन्या गळक्या करणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळे केले. पुढे ही दोन्ही प्रथिने एकच निघाली.

यात एचओ-१ कुठे बसते?

एका ठिकाणी नाही, निदान तीन ठिकाणी. आणि म्हणूनच ते डोकेदुखी ठरले आहे.

पहिले, एचओ-१ वाढले की काही पेशी जास्त व्हीईजीएफ तयार करतात. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींमध्ये हे दिसले आणि कार्बन मोनॉक्साइड हा त्यातला निरोप्या ठरला. पोलंडमधील क्राकोव्हचे युझेफ दुलाक यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

दुसरे, व्हीईजीएफ अस्तराच्या पेशींना भिडले, की त्या पेशी स्वतःही एचओ-१ बनवतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतील पेशींमध्ये हे एन्झाइम रोखल्यावर व्हीईजीएफ देऊनही नव्या वाहिन्या फुटल्या नाहीत. म्हणजे एचओ-१ व्हीईजीएफच्या आधीही आहे आणि नंतरही. हा सरळसोट फीडबॅक लूप झाला. असा लूप थोडक्यात काम उरकतो, पण बेताल झाला तर आवरत नाही.

तिसरे, व्हीईजीएफला वगळूनही एक वाट आहे. इजा झालेल्या जागी 'एसडीएफ-१' नावाचा संदेश अस्तराच्या पेशींना आणि त्यांच्या पूर्वज पेशींना बोलावतो. अलाबामा येथील अनुपम अगरवाल यांच्या गटाने २००७ मध्ये उंदराच्या महाधमनीचे छोटे कडे कापून ते जेलमध्ये ठेवले. एसडीएफ-१ दिल्यावर एरवी या कड्यांना चहूबाजूंनी तंतूंसारख्या वाहिन्या फुटतात. एचओ-१चे जनुक नसलेल्या उंदरांच्या कड्यांना त्या फुटल्या नाहीत. त्याच कड्यांना कार्बन मोनॉक्साइड सोडणारे रसायन दिल्यावर मात्र फुटवे आले. एन्झाइम गैरहजर, पण त्याने सोडलेला 'कचरा' पुरवला की काम सुरू, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग कमी आहेत.

एक मेख इथेच सांगायला हवी. २००४ च्या त्याच अभ्यासात, व्हीईजीएफ दिलेल्या उंदरांमध्ये एचओ-१ रोखले तेव्हा वाहिन्या कमी होण्याऐवजी वाढल्या. कारण दाह आवरणारे कुणी उरले नाही, पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आणि त्यांनी स्वतःच वाहिन्या वाढवणारे संदेश सोडले. म्हणजे 'एचओ-१ वाढले की वाहिन्या वाढतात' हे वाक्य अर्धे खरे आहे. परिस्थिती कोणती, हे आधी विचारावे लागते.

हे एन्झाइमच नसेल तर?

केनेथ पॉस आणि सुसुमु तोनेगावा यांनी १९९७ मध्ये एचओ-१ नसलेले उंदीर तयार केले. त्यातले फारच थोडे जिवंत जन्मले. जे जन्मले त्यांच्या रक्तात लोह कमी, तर यकृत आणि मूत्रपिंडात साचलेले. दोन वर्षांनी जपानी डॉक्टरांनी माणसातील पहिला रुग्ण नोंदवला. सहा वर्षांचा मुलगा, खुंटलेली वाढ, सतत फुटणाऱ्या तांबड्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा. इतके रक्त मोडत असूनही त्याला कावीळ नव्हती, कारण पिवळा रंग तयार करणारी पहिली पायरीच गायब होती. तो मुलगा वाचला नाही. २०११ मध्ये भारतातील डॉक्टरांनीही अशा एका किशोरवयीन मुलीची नोंद केली. असे रुग्ण जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

एचओ-१ पूर्णपणे नसणे दुर्मीळ, पण वेळेवर पुरेसे न वाढणे कदाचित तितके दुर्मीळ नाही. क्राकोव्हच्याच गटाने २००९ मध्ये उंदरांच्या त्वचेवरील जखमा पाहिल्या. साध्या उंदरात जखम होताच एचओ-१ झपाट्याने वाढले. मधुमेही उंदरात ते तितके वाढले नाही, जखमही रेंगाळली. त्यांच्या जखमेत एचओ-१चे जनुक सोडल्यावर ती लवकर मिटली आणि तिथे रक्तवाहिन्याही अधिक दिसल्या. मधुमेही माणसाच्या पायाला टाचणीएवढी जखम होते आणि महिने उलटले तरी भरत नाही, असे कुणाच्या ना कुणाच्या घरात घडलेले असते. उंदरातले निष्कर्ष थेट तिथे लावता येत नाहीत, पण संशोधकांना या एन्झाइमचा लळा का लागला ते यातून कळते.

गर्भारपणातील रक्तदाबाशी याचा काय संबंध?

सर्वांत मोठी आशा इथे होती आणि सर्वांत मोठी निराशाही.

गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसतो. याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. जगभरात २ ते ८ टक्के गर्भारपणांत तो होतो. झटके आले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. त्यावर खरा उपाय आजही एकच, प्रसूती. २८ व्या आठवड्यात हा निर्णय घ्यावा लागला, तर बाळाला अवेळी बाहेर काढणे हेच औषध ठरते.

हे होते कशामुळे? मूळचे मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी असलेले अनंत करुमंची आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये बोस्टनमधून एक धागा दिला. प्रीएक्लाम्पसिया झालेल्या महिलांची वार, म्हणजे प्लासेंटा, रक्तात 'एस-फ्लट-१' नावाचे प्रथिन भरमसाट सोडत होती. हे प्रथिन म्हणजे व्हीईजीएफचा ग्राहकच, पण पेशीपासून सुटा झालेला. कुणी घराच्या दारावरची पत्रपेटी उखडून नाक्यावर ठेवली आणि पोस्टमनने सगळी पत्रे तिच्यातच टाकली, तर घरात काही पोहोचणार नाही. व्हीईजीएफचे तसे होते. आईच्या मूत्रपिंडातील नाजूक केशवाहिन्यांना रोज थोडे व्हीईजीएफ लागते. ते मिळेनासे झाले, की त्या गळू लागतात आणि रक्तदाब चढतो. गाभण उंदरांना हे प्रथिन जास्त प्रमाणात मिळेल अशी व्यवस्था केल्यावर त्यांच्यातही हीच लक्षणे उमटली.

याला दुजोरा एका अनपेक्षित कोपऱ्यातून मिळाला. व्हीईजीएफ अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याचे ठळक दुष्परिणाम कोणते? वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून जाणारी प्रथिने. रुग्ण गर्भवती नाही, कित्येकदा पुरुष, तरी लक्षणांची जोडी तीच.

आता एचओ-१. ब्रिटनमधील आसिफ अहमद यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की अस्तराच्या पेशींत एचओ-१ वाढवले तर एस-फ्लट-१ कमी सुटते आणि दाबले तर वाढते. एचओ-१ नसलेल्या उंदरांच्या रक्तातही एस-फ्लट-१ जास्त होते. शिवाय कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन गटातील औषधे एचओ-१ वाढवतात, हेही दिसले. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटले. स्वस्त गोळी, ओळखीचे औषध, समजलेली साखळी.

या काळात धूम्रपानाचाही एक चमत्कारिक आकडा चर्चेत होता. सिगारेट ओढणाऱ्या महिलांत प्रीएक्लाम्पसिया तुलनेने कमी आढळतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हे कारण असावे, असा तर्क मांडला गेला. कुणी यातून भलता अर्थ काढू नये. धूम्रपानामुळे बाळाचे वजन कमी भरते, वार अवेळी सुटण्याचा आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. संशोधकांसाठी तो फक्त एक धागा होता.

मग औषध का निघाले नाही?

आधी पाया हलला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने प्रीएक्लाम्पसिया झालेल्या महिलांच्या वारेचे नमुने तपासले. एचओ-१ कमी झालेलेच नव्हते. वारेच्या पेशींत ते दाबल्यावर एस-फ्लट-१ वाढलेही नाही. अस्तराच्या पेशींत जे घडते ते वारेतही घडेल, हे गृहीतक होते आणि ते तपासताना टिकले नाही.

नंतर प्रत्यक्ष चाचणीचा निकाल आला. ब्रिटनमध्ये लवकर प्रीएक्लाम्पसिया झालेल्या ६२ महिलांपैकी काहींना प्रॅव्हास्टॅटिन आणि काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात एस-फ्लट-१च्या पातळीत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. गर्भारपण लांबवण्यातही ठोस फायदा दिसला नाही. लक्षात घ्या, चाचणी करणारे आसिफ अहमद आणि त्यांचे सहकारीच होते. स्वतःच्या सिद्धांताविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला. विज्ञानाच्या बातम्यांत 'क्रांतिकारी शोध'ला जागा मिळते, अशा निकालांना मिळत नाही. आमच्या डेस्कचाही त्यात वाटा आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

चाचणी लहान होती आणि आजार आधीच जडलेला होता, असा बचाव होऊ शकतो आणि तो खोटा नाही. वार रुजण्याचे काम पहिल्या काही महिन्यांतच उरकते. चूक तिथे झाली असेल तर सातव्या महिन्यातली गोळी उशिराच पोहोचणार.

वाढवायचे की रोखायचे?

हा प्रश्न कर्करोगात उलटा होतो. अनेक प्रकारच्या गाठींत एचओ-१ भरपूर सापडते. तिथे ते गाठीला रक्तपुरवठा मिळवून देते आणि औषधांच्या माऱ्यातून पेशींना वाचवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून तिथे संशोधक ते रोखण्याच्या मागे आहेत. एकाच व्यक्तीला मधुमेहाची जखमही आहे आणि न कळलेली गाठही, तर काय करायचे? संपूर्ण शरीरात एचओ-१ वाढवणारी गोळी या कारणाने कुणी सहजासहजी हातात घेत नाही. जखमेवर लावायचे, तिथेच थांबणारे काहीतरी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

हळद घेतली तर एचओ-१ वाढते का?

हा मजकूर वाचून कुणीतरी ही विचारणा करणारच, कारण असे फॉरवर्ड फिरतात. हळदीतील कर्क्युमिन पेशींमध्ये एचओ-१ वाढवते, हे २००० मध्ये खरोखरच दाखवले गेले आहे. पण ते प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींत, तिथे कर्क्युमिन थेट ओतलेले असते. पोटातून गेलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प पोहोचते. सांगलीची हळद भाजीत घाला, दुधात घाला, चव छान लागते. गर्भारपणात कर्क्युमिनच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

सध्या दवाखान्यात काय उपलब्ध आहे?

एचओ-१ औषध म्हणून पोहोचले नाही, पण त्याच साखळीतली दुसरी कडी पोहोचली. एस-फ्लट-१ आणि वारेतून येणारे 'पीएलजीएफ' हे वाढीचे प्रथिन यांचे गुणोत्तर रक्त तपासून काढता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लाम्पसिया होण्याची शक्यता फार कमी असते, असे दिसले. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा चाचणीला २०२३ मध्ये परवानगी दिली. संशयित रुग्णाला घरी पाठवायचे की दाखल करून घ्यायचे, हे ठरवायला तिचा उपयोग होतो.

प्रतिबंधासाठी हाताशी आहे ती साधी अ‍ॅस्पिरिन. जास्त धोका असलेल्या महिलांना ११ ते १४ आठवड्यांदरम्यान रोज १५० मिलिग्रॅम सुरू केल्यावर ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लाम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, असे २०१७ च्या मोठ्या चाचणीत आढळले. आधीच्या खेपेला हा त्रास झाला असेल, आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असेल, जुळी बाळे असतील, तर ही गोष्ट तिसरा महिना संपण्याच्या सुमारासच डॉक्टरांकडे काढायला हवी. आणि नंतरच्या महिन्यांत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायचा.